पुढच्या घरचा पलंग

मी पलंग बोलतोय. दचकू नका, तुमच्या घरातला नव्हे. तुमचा पलंग बिचारा दिवसभर घड्या न घातलेले कपडे सांभाळत असतो, त्याला बोलायला फुरसत कुठली! मी लोखंडी, चाकांचा, पायथ्याशी दोन हँडलं असलेला. एक फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते, दुसरं फिरवलं की गुडघ्यांखालची. असा पलंग तुम्ही हॉस्पिटलात पाहिला असेल. पण गेली अकरा वर्षं मी हॉस्पिटलात नाही. मी लोकांच्या घरी राहतो, आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या. आणि छाती फुगवून सांगतो, आजवर कुठल्याही घरी मी फुकट बसलेलो नाही.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. मालक जितेशभाई फार चोखंदळ माणूस. माझं वेल्डिंग झालं, रंग वाळला, तेव्हा त्यांनी चार कामगारांना माझ्यावर बसवलं आणि वर "उड्या मारो" म्हणून सांगितलं. चौघं मनसोक्त उडाले. मी हूं की चूं केलं नाही. "आ तो चालसे," जितेशभाई म्हणाले. जन्मल्यावर मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक.

तिथून मी एका नर्सिंग होममध्ये गेलो. सात वर्षं माझं नाव 'सहा नंबर' होतं. मग बटण दाबलं की हलणारे नवे पलंग आले आणि आम्हा हँडलवाल्यांची रवानगी भंगारात झाली. गोडदेवच्या रस्त्यावरच्या भंगाराच्या दुकानाबाहेर मी उन्हात पडलो होतो आणि दुकानदार मोठा हातोडा घेऊन माझ्याकडे येत होता. खोटं कशाला बोलू, तेव्हा मात्र माझी चाकं थरथरली.

तेवढ्यात रस्त्याने एक सिस्टर आल्या. करड्या रंगाची साडी, गळ्यात क्रूस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. थांबल्या, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "भाई, इसका हँडल घूमता है?"

"घुमाके देखो, सिस्टर."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी हँडल फिरवलं. मी ओरडलो, कुरकुरलो, पण डोकं वर केलं.

"मग मोडताय कशाला?" त्या मराठीतच म्हणाल्या. दुकानदाराने एकदा हातोड्याकडे पाहिलं, एकदा सिस्टरकडे. "ले जाओ, सिस्टर. किसीका भला होगा," असं म्हणून त्याने मला स्वतः हातगाडीवर चढवलं.

या सिस्टर मॉली. माझी गोष्ट खरं तर त्यांचीच आहे. मी फक्त खालून पाहिलेली आहे.

कॉन्व्हेंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झाडीतला दगडी बंगला येत असेल. आमचं कॉन्व्हेंट म्हणजे बेव्हर्ली पार्कमधल्या एका बिल्डिंगमधले तळमजल्याचे दोन फ्लॅट. एका फ्लॅटच्या हॉलमध्ये प्रार्थनेचं छोटं चॅपेल, बाकी चार सिस्टरांच्या चार लहान खोल्या, एक स्वयंपाकघर. सकाळी प्रार्थना झाली की तिघी कामाला जातात. कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात. सिस्टर मॉलींचं काम म्हणजे घरोघरच्या आजारी माणसांना भेटणं. त्यांचं वय तेव्हा बासष्ट होतं आणि चाल अशी की तरुण सिस्टरांना त्यांच्या मागे पळावं लागे.

मला पहिल्यांदा त्यांनी पूनम सागर नावाच्या वसाहतीत नेलं. मनोरमा नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्या यजमानांचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. चार महिन्यांनी यजमान चालायला लागले आणि मनोरमाबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सिस्टर, याची परतफेड कशी करू?"

"परतफेड मला नको," सिस्टर म्हणाल्या. "हा पलंग पुढच्या घरी तुम्ही स्वतः पोचवा. आणि एक दिवस तिथे बसून, तुम्हाला जे जमलं ते त्यांना शिकवा."

झालं, तोच नियम पडला. ज्या घरून मी निघतो त्याच घराने मला पुढच्या घरी न्यायचं, जोडून द्यायचं आणि एक दिवस थांबून शिकवायचं. कूस कशी बदलावी, झोपल्या माणसाची चादर कशी काढावी, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करावं. नर्सिंग होममध्ये माझी ने-आण वॉर्डबॉय करत. इथे मला बँकेचे मॅनेजर, रिक्षावाले, मासेवाल्या बायका यांनी उचललंय. मोठमोठ्या लोकांनाही असे खांदे मिळत नाहीत.

माणसांच्या सवयी मला तोंडपाठ झाल्यात. मी घरात आलो की आधी टीव्ही सरकतो. मग मी दवाखान्यातला वाटू नये म्हणून माझ्यावर फुलाफुलांची चादर घालतात. पाहुणे येतात ते बरोब्बर पायथ्याशी बसतात, रोग्याच्या पायावर. आणि आडवा झालेला माणूस बहिरा झालाय अशा समजुतीने सगळे त्याच्याशी मोठ्याने बोलतात. पण याच माणसांना मी पहाटे उठून म्हाताऱ्याचं अंग पुसतानाही पाहिलंय. म्हणून हसतो मी त्यांना, पण माया लावूनच.

सव्वा-दीड वर्षापूर्वी मी गोडदेवला कोंडिरामच्या घरी गेलो. कोंडिराम स्कूल बसचे ड्रायव्हर होते. लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. मूळचे नांदेडकडचे. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांची बायको केसरबाई आणि मुलगा जीवन, कुरियर कंपनीत नोकरीला.

सिस्टर मॉली दर मंगळवारी यायच्या. दारातूनच "जय भीम, केसरबाई" म्हणायच्या आणि केसरबाई आतून ओरडायच्या, "या सिस्टर, च्या ठिवते." चहा उकळेपर्यंत सिस्टरांनी त्यांना सगळं शिकवलं. पहिल्या दिवशी केसरबाई नवऱ्याला आंघोळ घालायला लाजत होत्या, जीवनसमोर तर जास्तच. सिस्टर म्हणाल्या, "केसरबाई, आजारपणात लाज ही पहिली सोडायची गोष्ट. ती धरून बसलात तर माणूस सुटतो." केसरबाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. अकरा महिने कोंडिराम माझ्यावर होते. अकरा महिन्यांत त्यांच्या पाठीला एक फोड आला नाही.

तरी ते गेले. शांतपणे गेले, एका रविवारी सकाळी, बायको केस विंचरून देत असताना. काही दिवसांनी त्यांच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्याला सिस्टर मॉली आल्या होत्या. माझे भाग सुटे करून भिंतीला टेकवले होते. जीवनने हळूच विचारलं, "सिस्टर, पप्पा याच्यावर गेले. पुढचे लोक घेतील ना?"

"जीवन, याच्यावरून आठ जण गेले आणि चौदा जण उठून चालायला लागले," सिस्टर म्हणाल्या. "पलंगाला त्यातलं काही कळत नाही. तो फक्त सांभाळतो."

कळत नाही म्हणे! पण जाऊ दे, त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं.

सिस्टर निघाल्या. केसरबाई म्हणाल्या, "जीवन खालीपतुर येईल." सिस्टर म्हणाल्या, "कशाला, मी काय म्हातारी आहे?" दोन मिनिटांनी जिन्यात धप्प आवाज झाला. मग केसरबाईंची किंकाळी.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, दहा दिवसांनी सिस्टरांना कॉन्व्हेंटमध्ये आणलं. पुढची हकिगत मला तिथे पोचल्यावर कळली. डॉक्टर म्हणाले होते, सहा-सात आठवड्यांत वॉकर धरून उभ्या राहिल्या तर ठीक, नाहीतर अंथरूण धरतील. आणि सिस्टरांच्या संघाच्या या भागातल्या सगळ्या घरांच्या प्रमुख असतात, त्यांना प्रोव्हिन्शियल म्हणतात, त्यांचा फोन आला होता: सात आठवड्यांनी मी येते. तोवर सिस्टर मॉली हिंडूफिरू लागल्या नाहीत तर त्यांना पुण्याला वृद्ध सिस्टरांच्या घरी नेऊ. त्यात दुष्टपणा काही नव्हता. बाकी तिघी कामाला जाणाऱ्या, दिवसभर बघणार कोण? पण पुण्याला गेलेल्या सिस्टर परत येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सिस्टर मॉली गेल्या की माझी फिरतीही संपलीच. मला पुढचं घर दाखवणारं दुसरं कोणी नव्हतं.

केसरबाईंनी एक शब्द कुणाला न विचारता टेम्पो बोलावला. जीवन म्हणाला, "मम्मी, आधी फोन तर कर. त्यांना चालेल का?" केसरबाई म्हणाल्या, "माझ्या जिन्यात पडल्यात त्या. चालंल का काय इचारतो?"

सिस्टर मॉली त्यांच्या सपाट फळ्यांच्या खाटेवर पडून होत्या. मला दारातून येताना पाहून त्यांनी मान उचलली. "हे काय? कुणाच्या घरी चाललाय?"

"ह्याच घरी," केसरबाई म्हणाल्या.

"नाही. हा लोकांसाठी आहे. उद्या कुणी मागायला आलं तर काय सांगू, मी स्वतः घेऊन झोपले?"

"व्हय, तसंच सांगा. नियम तुमीच केला ना? ज्याला गरज त्याच्या घरी. मग ह्ये घर न्हाई का?"

सिस्टरांनी तोंड भिंतीकडे केलं. तेव्हा कॉन्व्हेंटच्या सुपिरियर, म्हणजे या घरच्या प्रमुख, सिस्टर सुचेता पुढे झाल्या. वयाने सिस्टर मॉलींपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, शाळेत मुख्याध्यापिका. त्या हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आज्ञापालनाचं व्रत तुम्ही माझ्या जन्माच्या सुमारास घेतलंत. मी तुमची सुपिरियर आहे. आज्ञा देते. यावर झोपा."

मग सिस्टर मॉली पुटपुटल्या, "आज्ञा आहे तर झोपते." आणि झोपल्या. पण मी इतकी वर्षं माणसं झेलतोय, मला कळतं. अंग माझ्यावर होतं, भार टाकलेला नव्हता.

अशी वाईट रोगी मी पाहिली नाही. बेल उशाशी, वाजवणार नाहीत. तहान लागली तर सांगणार नाहीत. दुखतंय का विचारलं तर "सगळं ठीक." लघवी लागली तर कुणी आपणहून विचारेपर्यंत दाबून धरणार. दुसऱ्यांच्या घरी जाऊन लाज सोडायला सांगणारी बाई, स्वतःची लाज मात्र सात कुलपांत! जिने आयुष्यभर नुसतं दिलं तिला घेता येत नाही, हे मी तेव्हा शिकलो. देण्यात एक ऐट असते. घेताना ती उतरवून ठेवावी लागते.

केसरबाई रोज अकरा ते चार येऊ लागल्या, सगळ्या कामावर गेलेल्या असताना. कुणी बोलावलं नव्हतं. "एक दिवस शिकवायचा नियम हाय," असं म्हणून पहिल्या दिवशी बसल्या त्या बसल्याच.

संध्याकाळी चौघींची एकत्र प्रार्थना व्हायची. सिस्टर मॉलींच्या खोलीचं दार उघडं ठेवायच्या म्हणजे त्यांना झोपूनच सामील होता येई. त्या घरची रीत होती: प्रार्थनेच्या शेवटी प्रत्येकीने त्या दिवसाची एक गोष्ट सांगून तिच्याबद्दल आभार मानायचे. कुणी म्हणे, आज वर्गातली अमुक मुलगी हसली. कुणी म्हणे, आज दवाखान्यात औषधं वेळेवर आली. सिस्टर मॉलींचं रोज एकच: "देवा, तू मला सांभाळतोस, तुझे आभार."

एके दिवशी केसरबाईंना निघायला उशीर झाला आणि हे त्यांच्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी पाठीला पावडर लावता लावता म्हणाल्या, "सिस्टर, आभार देवाचं मानता, पर हात तर माझं हाईत."

केसरबाई हसतच होत्या, पण मला सिस्टरांचे खांदे ताठ झालेले जाणवले. बाण वर्मी लागला होता.

पाचव्या आठवड्यात त्यांना ज्याची भीती होती तेच झालं. दुपारी दारात एक माणूस आला. किनाऱ्यावरच्या उत्तन गावचा लेस्ली, होड्या दुरुस्त करणारा सुतार. केसरबाईंनी दार उघडलं.

"सिस्टर मॉली हायत का? आमचे बायला, म्हंजे आयला, पलंग पायजे होता. आडवी झाली का दम लागते तिला. भितीला टेकून निजते, तीन महिने झाले."

केसरबाईंनी त्याला खुणेने गप्प केलं, बाहेर नेलं. पण दार उघडंच होतं. सिस्टरांनी शब्द न् शब्द ऐकला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी कामाला गेल्या. केसरबाई यायला अजून अर्धा तास होता. सिस्टरांनी माझा बाजूचा कठडा खाली केला. दोन्ही पाय खाली सोडले. मला सगळं समजलं. त्यांना उभं राहायचं होतं, आणि केसरबाई आल्या की सांगायचं होतं, बघा, मी बरी आहे, पलंग उत्तनला पाठवा. नको हो सिस्टर, मी म्हणत होतो, पण पलंगाचं कोण ऐकतं? माझ्या चाकांना ब्रेक लावलेले होते, तेवढीच माझी मदत.

त्या उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकलं. गुडघा वाकला, हात माझ्या कठड्यावर आला आणि त्याला लोंबकळत त्या हळूहळू जमिनीवर बसल्या. पडल्या नाहीत म्हणू, पण उठताही येईना. बेल उशाशी, म्हणजे आता हाताबाहेर. अर्धा तास त्या थंड लादीवर बसून होत्या आणि मी त्यांच्या डोक्याशी उभा.

केसरबाई आल्या. पाहिलं. पळत आल्या नाहीत, दारातच मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"एक माणूस मी उठवू शकले न्हाई, सिस्टर. अकरा महिने केलं, तरी न्हाई उठलं. मला वाटलं, तुमी तरी उठशीला माझ्या हातानं. आन तुमी माझ्या माघारी उठायला गेला. माझा हात इतका वंगाळ हाय का?"

सिस्टर मॉलींचा चेहरा मी तेव्हा खालून नव्हे, वरून पाहिला. सत्तेचाळीस वर्षं लोकांचे डोळे पुसलेल्या त्या बाईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

"केसरबाई," त्या म्हणाल्या, "मला उचला. मला एकटीला जमत नाही."

केसरबाईंनी काखेत हात घातले, बरोबर सिस्टरांनीच शिकवले होते तसे, आणि त्यांना माझ्यावर घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा सिस्टर मॉलींनी पूर्ण भार टाकला. चांगल्याच वजनदार निघाल्या की हो!

हाड जाग्यावर होतं, पण डॉक्टरांनी आणखी दहा दिवस पाय टेकवायला बंदी केली. म्हणजे प्रोव्हिन्शियल यायच्या आधी चालण्याच्या सरावाला जेमतेम चार दिवस. संध्याकाळच्या प्रार्थनेत सिस्टर मॉलींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "केसरबाईंनी मला जमिनीवरून उचललं. त्यांच्या हातांबद्दल आभार." चॅपेलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. बहुतेक सिस्टर सुचेता.

लेस्लीच्या घरचं काय, हा प्रश्न होताच. केसरबाई जीवनला घेऊन उत्तनला गेल्या. लेस्लीने त्यांच्या सांगण्यावरून होडीच्या फळ्यांची उतरती चौकट केली, तिच्यावर जुनं जाळं ताणून बसवलं आणि आईच्या पाठीमागे लावलं. पलंगासारखं नव्हतं, मी काही उगाच त्याचं कौतुक करणार नाही, पण भिंतीपेक्षा बरं. लेस्लीची आई नातालबाय, साठ वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेली बाई, तिने पिशवीभर सुके बोंबील पाठवले आणि निरोप: "त्या सिस्टरला सांग, घाय नको करू. मी हाय अजून. ती पडली तं मना शिकवंल कोन?"

सिस्टर मॉली तो निरोप ऐकून इतक्या हसल्या की मी खालून हललो.

आता त्या बेल वाजवू लागल्या. पहिल्यांदा वाजवली तेव्हा दोघी सिस्टर घाबरून धावत आल्या, आग लागल्यासारख्या. "काही नाही," सिस्टर मॉली म्हणाल्या, "पाणी हवंय." दहा दिवस संपले, आणि केसरबाईंचा हात एका बाजूला, वॉकर पुढे, त्या उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी दोन पावलं. चौथ्या दिवशी सहा. माझ्यापासून दारापर्यंत अकरा पावलं होतात.

पाचव्या दिवशी प्रोव्हिन्शियल आल्या. गोऱ्या, शांत, हळू बोलणाऱ्या. त्या माझ्याशेजारी खुर्चीत बसल्या. सिस्टर मॉलींनी सहा पावलं चालून दाखवली, सातव्याला थांबल्या. श्वास लागला होता.

"सिस्टर," प्रोव्हिन्शियल म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत. आता थोडी विश्रांती घ्या. पुण्याला नर्स आहेत, बाग आहे, सोबतीला तुमच्या बरोबरीच्या सिस्टर आहेत. इथे तुम्हाला कोण बघणार?"

सिस्टर मॉली काय म्हणणार हे साऱ्यांना माहीत होतं. सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या पाच बदल्या झाल्या होत्या आणि पाचही वेळा त्यांनी एकच उत्तर दिलं होतं: जशी आपली इच्छा. सिस्टर सुचेता खिडकीबाहेर बघत होत्या. केसरबाईंनी पदर तोंडात धरला होता. आणि मी? मला भंगारवाल्याचा हातोडा दिसायला लागला होता.

सिस्टर मॉली माझ्या काठावर बसल्या.

"आज्ञा दिलीत तर आजच पिशवी भरते," त्या म्हणाल्या. "पण आज्ञेच्या आधी मला एक मागू द्या. मी संघाकडे कधी काही मागितलं नाही. मला वाटायचं हाच माझा मोठेपणा. आज मागते. मला इथे राहायचंय. मला एकटीला आंघोळ करता येत नाही. मला जिने चढता येणार नाहीत. रात्री-अपरात्री या मुलींना उठवावं लागेल. त्यांना त्रास होईल, मला माहीत आहे. तरी मागते. मला बसून शिकवता येतं. आणि मला उचलणारे हात इथे आहेत."

असं बोलायला त्यांना सहा पावलं चालण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. घामाने त्यांचे तळवे ओले झाले होते, माझ्या कठड्यावर ठसे उमटले.

प्रोव्हिन्शियल केसरबाईंकडे वळल्या. "बाई, तुम्ही किती दिवस येऊ शकाल?"

"दिवस कशाला मोजायचं?" केसरबाई म्हणाल्या. "त्या बसून सांगतील, मी फिरून करीन. त्यांची जीभ, माझं पाय. पलंग काय थांबायचा न्हाई."

प्रोव्हिन्शियल सिस्टर सुचेतांकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"आम्ही मागून घेतोय त्यांना," सिस्टर सुचेता म्हणाल्या.

प्रोव्हिन्शियलनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सिस्टर मॉली, मी आठ वर्षं या पदावर आहे. 'जशी आपली इच्छा' हे मी खूप ऐकलंय. 'मला मदत लागेल' हे आज पहिल्यांदा ऐकलं." मग म्हणाल्या, "राहा. एक वर्षाने मी परत येते, तेव्हा पुढचं बोलू."

केसरबाई मोठ्याने "जय भीम!" म्हणाल्या. प्रोव्हिन्शियल जरा गोंधळल्या, मग त्यांनीही हसून हात जोडले.

आणखी तीन आठवड्यांनी सिस्टर मॉली त्यांच्या फळ्यांच्या खाटेवर परतल्या आणि मी सुटा झालो. ज्या घरून निघालो त्या घराने पोचवायचं, नियम म्हणजे नियम! शनिवारी सकाळी साड्या खोचून तीन सिस्टरांनी मला टेम्पोत चढवलं. टेम्पोवाला बघतच राहिला. सिस्टर मॉली ड्रायव्हरशेजारी बसल्या, वॉकर मांडीवर, आणि खाडीचा वारा लागला तसं गुणगुणायला लागल्या.

तर मी सध्या उत्तनला आहे. बाहेर बांबूंवर बोंबील वाळतायत, त्यांच्या वासाची मला आता सवय झालीय. माझ्यावर नातालबाय आहे. डोकं वर, पाठीला उशी. चार महिन्यांनी ती पहिल्या रात्री नीट झोपली, पण पोचलो त्या दिवशी तिने काय तमाशा केला!

लेस्लीची बायको ट्रेसी गरम पाणी घेऊन आली, तर हिने तिला हाकललं. "मी कुनाकडशी आंग धुवून घेनार न्हाय. सुनेकडशी तं न्हायच. साठ वर्सं पाटी वायली, कुनाला हात लावू दिला न्हाय."

ट्रेसी घमेलं घेऊन दारात उभी राहिली, रडवेली. सिस्टर मॉली माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एरवी त्यांनी लाज सोडण्याचं जुनं वाक्य म्हटलं असतं. त्या दिवशी नाही म्हटलं.

"नातालबाय, याच पलंगावर मी पाच आठवडे लघवी दाबून झोपले," त्या म्हणाल्या. "कुणाला हाक मारायला नको म्हणून. मग एक दिवस एकटीच उठायला गेले आणि अर्धा तास लादीवर बसून राहिले. पोरीसारखी रडले. मग म्हटलं, मला उचला. तुम्हाला सांगते, सत्तेचाळीस वर्षं प्रार्थना केली, पण इतकी अवघड कुठलीच वाटली नाही."

नातालबाय त्यांच्याकडे पाहत राहिली. "खरं सांगतं?"

"खोटं कशाला सांगू?"

नातालबाय हसली, मग खोकली, मग परत हसली. ट्रेसी अजून दारातच होती. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही, पण अंगावरची चादर बाजूला केली.

माझं म्हणणं एवढंच आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी येईल. आज नाही तर उद्या येईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जो आडवा आहे त्याची सेवा कराच, पण त्याला मागायलाही शिकू द्या. आणि तुमची स्वतःची पाळी येईल तेव्हा भार टाका. आम्ही त्यासाठीच आहोत.

बरं, बोलणं इथे थांबवतो. नातालबायला बसून पेज प्यायचीय, माझं हँडल फिरवायला कुणीतरी हवं. आतापर्यंत ती लेस्ली येईपर्यंत वाट बघायची, उपाशी. आज तिने गळा साफ केलाय.

"ट्रेसी! ये गो पोरी. मना वर घे."